बांधावरचा फणस

काल शेजारी फणसाचं झाड तोडत होते. त्या ओल्या लाकडाच्या वासानं मला सासरच्या कापडे गावातला शेताचा बांध आठवला. मी तेव्हा नवी सून होते. सासरे आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांच्या शेतांमधला फणस वादळात पडला होता. सासऱ्यांनी त्याचा बुडखा उपटला, तसे चुलतसासरे कोयता घेऊन धावत आले.

"हद्दीची खूण काढलीस! आता बांध सरकवतोस व्हय रे?"

सासऱ्यांनी पहार उचलली. सासूबाई परसातलं फणसाचं रोप घेऊन सरळ खड्ड्यात उतरल्या आणि खाली बसल्या.

"भावजी, खूण हलणार नाय. रोप हितंच लावतंय मी."

मग चुलतसासऱ्यांनी कोयता टाकला आणि हातानं रोपाभोवती माती लोटली.

सासूबाई किती धीट, असं तेव्हा वाटलं. आज कळतं, पाय लटपटत होते म्हणून त्या बसल्या होत्या.