किसनची इटालियन पलटण

किसन गेल्याची बातमी आली तेव्हा मी सातवीच्या वर्गावर पानिपत शिकवत होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "गुरुजी, ड्रिल मास्तर गेले. दवाखान्यात नेतानीच गेले. हेडमास्तरांनी शाळा सोडायला लावलीय." मी खडू खाली ठेवला. मागच्या बाकावरची दोन दांडगी पोरं, जी माझ्या छडीला कधी रडली नव्हती, ती हुंदके देऊन रडायला लागली. आणि मी, त्याचा वाटूरचा बालमित्र, पहिला विचार काय केला? मी गेलो तर हे शाळा सोडतील का... फार तर एक तास सोडतील, असं मीच मला उत्तर दिलं. या गोष्टीला आता दीड महिना झाला. मेलेल्या माणसाबद्दल सगळेच चांगलं लिहितात आणि किसनबद्दल तसं लिहायला परतुरात माणसांची वाण नाही. मला मात्र हे लिहायचं आहे की मी त्याच्यावर अकरा वर्षं जळत होतो, आणि त्या जळण्यात मी एक काम केलं.

आम्ही दोघं वाटूरच्या एकाच शाळेत. माझा नंबर पहिला, त्याचा खालून पहिला. माझ्या पाटीवरचं बघून लिहायचा, आणि तेही चुकवायचा. चौथीत नापास झाला, शेतात रमला नाही, महायुद्ध पेटल्यावर फौजेत पळाला. मी हैदराबादेत उर्दूतून इतिहास शिकून पदवी घेतली. गावातली म्हातारी माणसं पोरांना माझं उदाहरण द्यायची आणि मला ते आवडायचं, हे कबूल करायला काय हरकत आहे? पोलिस अ‍ॅक्शन होऊन निजाम गेला, त्यानंतर मी परतूरच्या शाळेत इतिहासाचा मास्तर झालो. दोन-चार महिन्यांनी ड्रिल मास्तर म्हणून कोण यावा? किसन! तोच बसकट देह, तेच मोठ्यानं हसणं, अंगावर फौजेतली खाकी आणि तोंडात इटली.

इटली त्यानं पाहिली नव्हती, बरं का. युद्धाची शेवटची तीन वर्षं तो हिमालयाच्या पायथ्याशी इटालियन कैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला होता. तिथं पिएत्रो नावाचा एक कैदी त्याचा दोस्त झाला. हा पिएत्रो बेर्सालिएरी, म्हणजे त्यांच्या हलक्या पायदळातला शिपाई. त्यानं मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत आपल्या पलटणीचा सगळा इतिहास किसनला सांगितला, आणि चौथी नापास किसननं तो शब्द न शब्द डोक्यात ठेवला. माझ्या पाटीवरची सात ओळींची कविता ज्याला उतरवता येत नव्हती, त्यानं! "आरे सदा, देस न्हवता तव्हाची पलटण हाये ती," तो म्हणायचा. "तिकडंबी आपल्यावानी संस्थानंच संस्थानं होती. मंग एक झाली." या पलटणीच्या टोपीला एका बाजूनं रानकोंबड्याची काळी पिसं. ही पलटण चालत नाही, कायम पळते. तिचे बँडवालेसुद्धा बिगूल वाजवत पळतात. रोमच्या तटाला खिंडार पडलं तेव्हा आत घुसणाऱ्यांत हीच पुढे. हिच्यातला एक शिपाई एका पायाचा, मरताना त्यानं शत्रूवर कुबडी फेकून मारली. किती पदकं, ते पिएत्रोलाही सांगता आलं नव्हतं म्हणे.

हे तो मैदानात पोरांना पळवता पळवता सांगायचा. त्याचा तास संपला तरी पोरं जायची नाहीत, आणि माझा तास सुरू व्हायच्या आधीच जांभया द्यायची. माझीही अडचण होती. उर्दूतून शिकलेला इतिहास मला आता मराठीतून सांगायचा होता. सल्तनत, तख्त, फर्मान सगळं जिभेवर तयार, पण मराठी शब्द धरून आणावा लागे. तेवढ्यात खिडकीतून किसनचा आवाज यायचा आणि माझा वर्ग कान तिकडे लावायचा. रोज संध्याकाळी त्याची चाळीस पोरं टोप्यांना कोंबड्याची पिसं खोचून शाळेपासून स्टेशनपर्यंत पळत जायची. कापसाचे गाडीवाले बैल थांबवून बघायचे. आमच्या घरीसुद्धा तोच विषय. एकदा जेवताना बायको म्हणाली, "तुमीबी कव्हा तरी असं रंगवून सांगत जावा की वर्गात." त्या दिवशी मी ताटावरून उठलो.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात किसननं आपल्या पलटणीचा देखावा बसवला. पहिल्या प्रवेशात पिसांच्या टोप्या घालून पोरं पळत येणार, तट फोडणार. दुसऱ्या प्रवेशात लढाईनंतर शिपाई शेकोटीभोवती बसलेले, आणि त्यांच्या डोक्यावर तांबड्या रूमी टोप्या, निजामाचे अंमलदार घालायचे तशा, फक्त गोंडे निळे. किसन म्हणत होता की ही पलटण रिकाम्या वेळात तीच टोपी घालते. मुसलमानांच्या चार घरी जाऊन, ट्रंकांतून काढायला लावून त्यानं टोप्या आणल्या होत्या. गोंडे त्याच्या बायकोनं, सुभद्रावहिनींनी, निळ्या सुताचे केले. पण काळ कसा होता बघा. निजामाचं राज्य जाऊन पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं. रंगीत तालमीला आलेल्या गावच्या मंडळींनी टोप्या बघितल्या आणि कुजबुज सुरू झाली. एक जण उठून म्हणाला, "आत्ता कुठं या टोप्या उतरल्या, अन् शाळंतच पुन्हा चढवता व्हय?" हेडमास्तर घाबरले. किसन शांतपणे म्हणाला, "आवो, ही निजामाची न्हाई, इटलीच्या फौजेची हाये." मग हेडमास्तर माझ्याकडे वळले. "गुरुजी, इतिहास तुमचा. ख्रिश्चनांच्या फौजेत रूमी टोपी आसती का?"

किसनचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, आता काम झालं. "सांग ना रे सदा, तू शिकलेला हायेस."

मला माहीत नव्हतं, एवढंच खरं होतं. बघून सांगतो म्हणालो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मी म्हणालो, "माझ्या वाचनात तरी कुठंच न्हाई." आणि कुणी विचारलं नसताना पुढे म्हणालो, "त्या कैद्यानं चेष्टा केली आसंल याची." मंडळी हसली. पोरंही हसली, त्याची पोरं, आणि मला इतकं बरं वाटलं की तोंड लपवायला मी उपरण्यानं घाम पुसला. किसननं एका पोराच्या डोक्यावरची टोपी उचलली, गोंडा सारखा केला. "मंग काढून टाकू दुसरा परवेश," तो म्हणाला. "सदाला ठावं आसंल." दुसऱ्या दिवशी चारही घरी टोप्या परत द्यायला तो स्वतः गेला. माझ्याशी वागण्यात तसूभर फरक नाही. भांडला असता तर माझं मन हलकं झालं असतं, पण त्यानं तीही सोय ठेवली नाही.

पुढे दोन-तीन वर्षांनी कामासाठी औरंगाबादला गेलो होतो. तिथल्या एका वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी कोश चाळताना चित्र समोर आलं. एक शिपाई पिसांच्या टोपीत, आणि शेजारी दुसरा, बाकावर बसलेला, डोक्यावर तांबडी रूमी टोपी, निळा गोंडा. खाली चार ओळी होत्या. क्रिमियाच्या लढाईत यांचं शौर्य बघून फ्रेंच फौजेतले झुआव शिपाई इतके खूश झाले की त्यांनी आपल्या टोप्या यांना दिल्या. मी त्या चार ओळी किती वेळा वाचल्या कोण जाणे. दुसऱ्याचं चांगलं बघून आपल्या डोक्यावरचं काढून देणारे लोक जगात असतात, हे छापलेलं वाचूनही मला पटेना. मग मी तो ग्रंथ मिटला आणि जिथून काढला होता तिथे न ठेवता वरच्या फळीवर, इतर पुस्तकांच्या मागे सारून दिला. तो शोधत परतूरहून कोण येणार होतं?

संध्याकाळच्या गाडीनं परतूरला उतरलो तर किसन पोरांसकट स्टेशनावर. पळत आले होते, घामाघूम. माझी पिशवी त्यानं आपल्या हातात घेतली आणि विचारलं, "काय सदा, औरंगाबादला मोठं वाचनालय हाये म्हणं. सापडलं का आपल्या पलटणीचं काई?"

"न्हाई," मी म्हणालो.

"आसू दे. सापडंल." आणि माझी पिशवी घेऊन तो घरापर्यंत आला.

त्यानंतर आठ वर्षं. सांगायला संधी हजार आल्या. दरवर्षी संमेलनात देखावा व्हायचा, एकाच प्रवेशाचा, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचो. दरवर्षी ठरवायचो की यंदा सांगू. पण पोरं त्याला खांद्यावर घेऊन नाचायला लागली की मी उठून घरी यायचो. त्याच्या अंत्ययात्रेला जुनी पोरं पार पाथरी-सेलूहून आली. गाडीला उशीर झाला म्हणून स्टेशनापासून पळत आली, मिशा फुटलेले बाप्ये. स्मशानातसुद्धा मला हेवा वाटला. याला निर्लज्जपणा म्हणतात, मला ठाऊक आहे.

मागच्या आठवड्यात सुभद्रावहिनी घरी आल्या. दुरेघी वही पुढे ठेवून म्हणाल्या, "त्यांनी सगळा इतिहास लिहून ठेवलाय. म्हणायचे, सदानं बराबर हाये म्हटल्याबिगर कुणाला दाखवायचा न्हाई. तेवढं बघता का भाऊजी?" वाकडंतिकडं अक्षर, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पण एकही गोष्ट चुकलेली नव्हती. क्रिमियाच्या लढाईनंतर एक पान कोरं होतं. वर फक्त एक ओळ: 'टोपीची हाकीकत. सदाला पुस्तक सापडल्यावर लिहिने. घाई करू नये, त्याला शाळेची कामे फार.'

चार दिवस वही माझ्याकडे होती. पाचव्या दिवशी त्या पानावर मी झुआवांची हकीकत लिहिली, टोपीचा रंग आणि गोंड्याचा रंग लिहिला, खाली सही केली आणि वहिनींच्या घरी जाऊन वाचून दाखवली. त्यांचे डोळे भरून आले. "म्हंजी खरंच होतं की त्यांचं!" त्या म्हणाल्या. "सापडलं तर पुस्तक. कव्हा सापडलं, भाऊजी?"

नुकतंच, असं म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"आठ वर्षं झाली, वहिनी," मी म्हणालो.

 त्यांनी माझ्या हातातून वही काढून घेतली, पदरानं पुसली आणि आत निघून गेल्या.