शालन आणि चिमी

शालन गेल्याचा फोन तिच्या भावानं नेसरीहून केला. "ताई गेली," तो म्हणाला. महिना उलटला, पण मला अजून स्वस्थ बसवत नाही...

नव्वदच्या आसपास आम्ही दोघी बरोबरच जनावरांच्या डॉक्टर झालो. मी कोल्हापुरात म्हशींच्या गोठ्यांत रमले. नेसरीच्या शेतमजुराची ही मुलगी मात्र आखातात, डॉल्फिनचे खेळ चालायचे अशा ठिकाणी नोकरीला गेली. सुट्टीवर आली की रंकाळ्याभोवती भराभर चालत तिथलं सांगायची. एका मादीचं नाव तिनं चिमी ठेवलं होतं. छातीच्या दुखण्यावर चिमीला आधीच्या डॉक्टरांनी महिनोन्‌महिने अँटिबायोटिक दिलेलं. त्यात टाकीत डोळे चुरचुरतील इतकं क्लोरीन, आणि दिवसभर खेळ. शेवटी डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्राभोवती दह्यासारखे पांढरे चट्टे उठले. यीस्ट. चांगले जंतू औषधानं मेले की ही बुरशी माजते. मग शेजारच्या दोघांना तेच झालं. शालन म्हणाली, खेळ थांबवा, त्यांना विसावा द्या. मालक ऐकेना.

एका दुपारी तिनं निवेदकाच्या हातातला माईक घेतला आणि भरल्या गॅलरीला सांगून टाकलं, "आज खेळ होणार नाही. हे प्राणी आजारी आहेत." लोक उठून गेले. शालनची नोकरीही गेली. चिमी मेल्याचं तिला कोल्हापुरात आल्यावर कळलं.

पुढे शिवाजी पेठेत खोली घेऊन ती मलकापूरपर्यंत मोटरसायकलवर फिरायची. "बाई, कडक इंजेक्शन द्या की," म्हणून कुणी हटून बसलं, तर म्हणायची, "आधी म्हस तर बघू दे, पावणं." गरज नसेल तर सुई भरायची नाही. माणसं चिडून दुसऱ्याकडे जायची. जेवताना मध्येच घास ठेवून म्हणायची, "माईक आधीच घ्यायला पायजे हुता..."

मी तिच्या खोलीवर शेवटचं भेटले तेव्हा रक्ताच्या कॅन्सरनं ती वाळून गेली होती. औषधांचा मारा चालू होता. तिनं आरसा मागितला आणि जीभ बाहेर काढली. पांढरे चट्टे. आजारी जनावर बघावं तशी बघत राहिली.

"तेच हाय की गं," ती म्हणाली. "मला पाणीबी गिळवत न्हाय... आणि चिमी उड्या मारत हुती."

"यावर औषध आहे, शालन. देतील ते."

"व्हय. मला देतील."

शेवटी भाऊ तिला नेसरीला घेऊन गेला होता. ती गेल्यावर तो सामान न्यायला आला तेव्हा मीही खोलीवर गेले. आरसा उशीशेजारी पालथा पडला होता. तो म्हणाला, "ह्यो तुम्ही ठेवा." मी आणला आहे. अजून सुलटा केलेला नाही.