पाट्यावर सुटलेला मिस्त्री

तक्रारदार: बाबू, राहणार कापडे, एका जुन्या पिकअपचा मालक. सामनेवाला: गाड्यांचे पाटे, म्हणजे चाकांवर धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, दुरुस्त करणारा मिस्त्री. घटनास्थळ: पोलादपुराहून आंबेनळीकडे जाताना, मिस्त्रीच्या खोपटासमोरचा खड्डा. दिनांक: नव्वदीच्या अखेरचा, भातलावणी उरकल्यावरचा एक सोमवार. साक्षीदार: शेजारची चहावाली आक्का. अर्ज लिहिणारा: प्रस्तुत लेखक, कचेरीबाहेर टेबल टाकून बसणारा.

वाचकहो, मिस्त्रीचे नाव येथे मुद्दाम देत नाही. कोणतीही गाडी लंगडत आली की तो कानावरची विडी चाचपून म्हणे, "गाडी मोडत नाय रे, डायवर मोडतो."

बाबूचा आरोप गंभीर होता. मिस्त्री स्वतःच खड्डा खणतो, म्हणजे पाटे मोडतात आणि त्याचा धंदा चालतो. हे सिद्ध होते तर खोपट उठलेच असते. मी अर्जात स्वच्छ लिहिले: "सदर खड्ड्यात वाहनाचा पुढील पाटा मोडला."

घटनास्थळाची पाहणी मी जातीने केली. आक्काने मिस्त्रीला सकाळी फावडे घेऊन खड्ड्यात पाहिले होते.

"खणत होता की भरत होता?" मी विचारले.

"वाकला होता. वाकलेल्या मानसाचं काय कळतंय?"

तोवर सामनेवाला तक्रारदाराच्याच गाडीखाली शिरला होता. दुसरा मिस्त्री जवळपास नव्हता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते.

"बाबू, पान्हा दे रे."

"मी तुझ्यावर अर्ज केलाय."

"केलास ना? मग हात मोकळा झाला. पान्हा दे."

बाबूने पान्हा दिला. मिस्त्रीने मोडका पाटा उतरवला, नवा ठोकून त्याची कमान जुळवली, बोल्ट आवळले. जाताना बाबूने त्याला नमस्कार केला आणि लिहून ठेवलेला अर्ज दाखल करायला गेला.

कचेरीतून नव्याने बदलून आलेले कारकून चौकशीस आले. गाडी एव्हाना धडधाकट होती. त्यांनी पंचनाम्यात लिहिले: "वाहनात पाटा अथवा वरवंटा आढळून आला नाही. सबब तक्रार निकाली." माझा शब्द बरोबर होता, हे मी आजही सांगतो.

खोपट वाचले, पण येणारेजाणारे डायवर खिडकीतून ओरडू लागले, "मिस्त्री, आज किती खणलंस?"

"तुझ्या मापाचा हाय. ये, झोप."

असे तो हसून म्हणे. एकदा मात्र कचेरीबाहेर माझ्या टेबलाशी येऊन हळूच बोलला, "भाऊ, मी पाट्यावर सुटलो. खड्ड्याचं काय? दगडमाती टाकून भरत होतो, असं सरकारकडनं लिवून आणा."

मी एकामागून एक विनंतीअर्ज धाडले. उत्तर आले नाही.

पुढे एका उन्हाळ्यात मिस्त्री वारला. त्याच पावसाळ्यात बाबूची पिकअप त्या खड्ड्यात पुढच्या चाकांनिशी बसली. मी योगायोगाने सोबत होतो. बाबू खाली उतरला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला.

"भाऊ," तो म्हणाला, "आता खणायला कोण नाय."

सबब नम्र विनंती की, मूळ तक्रारदाराच्या संमतीने, मयत इसम सदर खड्डा भरत होता, अशी नोंद व्हावी. तसे लेखी उत्तर त्याच्या बंद खोपटाच्या दारावर डकवावे. अक्षर मोठे असावे. डायवर लोक गाडी थांबवत नाहीत.