माझ्या बाभळीखालचं अस्वल

कप आधी खाली ठेवा. हसता हसता चहा अंगावर सांडला तर मला बोल लावाल. अन् हसायचं माझ्यावरच आहे, तवा लाजू नका, मोकळ्यानं हसा.

आमचं गाव सेनगावच्या पुढं, पैनगंगेच्या अंगाला. माझा जन्म गेला शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीमागं. शाळेची पायरी काही चढले न्हाई. पण गावात कुठलीबी बातमी येऊ द्या, लोकं आधी माझ्या ओट्यावर येणार. "यसूआजी, हे खरं का वो?" सरपंचाला न्हाई विचारत, मास्तरला न्हाई विचारत. मला! आजबी सांगताना छाती फुगते बघा.

माझी रीत साधी व्हती. बातमी बघायचीच न्हाई. बातमी संपल्यावर जाहिरात कशाची येते, ती बघायची!

एकदा टीव्हीत बाई घसा फोडून सांगत व्हती की औंदाच्या थंडीत माणसांचे गुडघे जाम व्हणार. गावातल्या म्हाताऱ्या रडकुंडीला आल्या. मी म्हणलं, "गप बसा गं, पुढं काय येतं ते बघू." काय आलं? गुडघ्याचं तेल! एकदा मोबाईलवर आलं, सोयाबीनचा भाव पडणार, आत्ताच्या आत्ता विका. त्याच्या बुडाशी कुणाची जाहिरात? रोखीत सोयाबीन घेणाऱ्या व्यापाऱ्याची! मी म्हणलं, थांबा. जे थांबले त्यांनी नंतर मला साखर आणून दिली. सांगा आता, विचारतील का न्हाई लोकं?

माझी धाकटी जाऊ गंगू तेवढी नाक मुरडायची. "आक्का, एक दिवस तूबी फसशील." मी म्हणायची, "मला फसवणारा अजून जन्मला न्हाई."

आता ऐका, तो जन्मला कसा.

दिवाळी झाली व्हती. तुरी डोक्याएवढ्या उभ्या. सांजच्याला अशी थंडी पडायची की घोंगडी डोक्यावरून काढायची सोय न्हाई. अशातच एक दिवशी सकाळी माझी सून सुनीता मोबाईल घेऊन पळत आली. "आत्याबाई, आपल्या शिवारात अस्वल!"

तालुक्याचं कुठलंसं चॅनल व्हतं, मोबाईलवरच चालणारं. त्यात धूसर धूसर अंधारात काहीतरी काळं, केसाळ, वाकलेलं. भवताली लाल गोल. ढोल असे वाजून राहिले जसं काही कुणाच्या अंगात आलंय! अन् चॅनलवाला ओरडून राहिला, "परवा सांजेला दिसलेलं हे अस्वल उलटं चालतंय! पिसाळलेलं तर न्हाई ना? अन् पंजात पांढरं काय आहे? कुणाची शिकार? बघा थोड्याच वेळात!"

खरंच, ते उलटंच चालत व्हतं. वाकून. दोन पावलं मागं, मग थांबायचं, मान हलवायची, परत मागं.

थोड्याच वेळात काय आलं? झटका मशीन! शेताच्या तारेला जोडायचं अन् जनावराला झटका द्यायचं. त्याच्यामागून ह्या एवढ्या टॉर्चची जाहिरात. आता माझ्यासारखीनं तिथंच ओळखावं का न्हाई? पण न्हाई ओळखलं!

काहून? तर त्या व्हिडिओत माझी बाभळ व्हती. बांधावरची, वीज पडून अर्धी जळलेली. आपली बाभळ आपल्या डोळ्यानं बघितल्यावर माणसानं आणखी काय मागावं? बाभळ खरी, म्हणजे अस्वलबी खरं! अन् त्याहून वाईट म्हणजे, परवाच्या सांजेला मी तिथंच व्हते. त्याच बाभळीखाली!

"सुनीता," म्हणलं, "थोडक्यात वाचले गं मी. मी तिथून हालले अन् माझ्या जागी ते येऊन उभं राहिलं."

सांजेपर्यंत सगळं गाव ओट्यावर. "आजी, खरं का?"

"खरं," मी म्हणलं. "मी साक्षीला आहे."

झालं! यसूआजी खरं म्हणते म्हणल्यावर काय? लोकांनी गुरं बांधली, कुणी पत्र्याचे डबे बडवत फिरू लागलं, तीन-चार जणांनी झटका मशीनसाठी फोनबी लावले. माझ्या शेळ्या गोठ्यात कोंडल्या. चरायला सोडायची कुणाची हिंमत? दिवसभर ओरडून ओरडून त्यांनी माझे कान खाल्ले. त्यात चांदी नावाची शेळी नुकती व्यालेली. पोटाला हिरवं न्हाई म्हणून तिचं दूध आटत चाललं, अन् तिचं पांढरंफेक करडू नुसतं सडाला ढुशा मारून राहिलं. ते बघवत नव्हतं. पण भ्याव लई मोठं.

अन् साक्षीदार एकदा साक्ष देऊ लागला की त्याला थांबवतं कोण? पहिल्या दिवशी मी म्हणलं, पाठीमागं खसखस ऐकली. दुसऱ्या दिवशी म्हणलं, उग्र वास आला. तिसऱ्या दिवशी तर मला त्याचे डोळेबी आठवले, कंदिलासारखे! आता मुद्दाम खोटं न्हाई वो बोलले. विचारत जातात तसतसं आठवत जातं.

गंगू एका कोपऱ्यात तुरीच्या शेंगा सोलत बसली व्हती. म्हणली, "आक्का, त्याच सांजेला तूबी तिथं, अस्वलबी तिथं. मग व्हिडिओत तू काहून दिसत न्हाई?"

"मी पुढं निघून आले असन."

"अन् अस्वल उलटं काहून चालून राहिलं?"

"पिसाळलंय म्हणून सांगितलं ना त्यानं! तुला चॅनलवाल्यापेक्षा जास्ती कळतं का?"

ऐकलं का? मी! चॅनलवाल्याची बाजू मी घेतली!

चौथ्या दिवशी तो स्वतःच आला. मोटरसायकलवर, गळ्यात पांढरं उपरणं, हातात माईक. पोरगं गोड बोलायचं. "आजी, तुमच्याइतकं जवळून कुणीच बघितलं न्हाई. तुमच्या तोंडून ऐकायचंय लोकांना."

सांगा बरं, कोण न्हाई म्हणंल? मी इरकली लुगडं नेसले. वर माझी काळी घोंगडी घेतली. ती आमच्याच मेंढरांच्या लोकरीची, अशी दाट की पाणी टाकलं तर वरच्या वर घरंगळतं. अशी घोंगडी तालुक्यात दुसरी न्हाई, हे मी आजबी छातीठोक सांगते. सगळं गाव अंगणात गोळा. त्यानं शेळ्या दाखवायच्या म्हणून गोठ्याचं फाटक उघडायला लावलं अन् मोबाईल माझ्यासमोर धरला.

मी सुरू झाले. खसखस झाली, वास झाला, डोळे झाले. तो म्हणला, "आजी, ते चालत कसं व्हतं, करून दाखवता का?"

"न दाखवायला काय झालं?"

घोंगडी डोक्यावरून ओढली. त्याच्या गळ्यातलं उपरणं घेतलं, गुंडाळलं, हे त्याच्या पंजातलं पांढरं म्हणून. वाकले, उपरणं पार जमिनीलगत धरलं अन् लागले उलटी चालायला. दोन पावलं मागं, थांबायचं, मान हलवायची. अस्सल जमलं वो! अंगातच भिनलेलं असल्यासारखं. मलाच नवल वाटलं, की कुठं शिकले मी हे!

तेवढ्यात कानावर आलं, "म्हेंऽऽ!"

वाकल्या वाकल्या बघते तर चांदी. गोठ्यातून निघून सरळ माझ्याकडं. उपरण्याला नाक लावते, हुंगते, एक पाऊल पुढं येते. मी मागं सरले, ती पुढं आली. मी परत मागं, ती परत पुढं.

अंगणातल्या सगळ्यांना दिसून राहिलं व्हतं. एकट्या मलाच दिसत नव्हतं!

तुमी शेळ्या राखल्या नसतील म्हणून सांगते. शेळी रानात व्याली की करडू चालू शकत न्हाई. आपण ते उचलून खांद्यावर घेतलं तर शेळीला दिसत न्हाई, ती येड्यासारखी व्यायच्या जागेवरच ओरडत फिरते. म्हणून करडू तिच्या नाकापुढं जमिनीलगत धरायचं अन् आपण वाकून उलटं चालायचं. ती हुंगत हुंगत मागोमाग घरापर्यंत येते. आमच्यात हे लेकरा-लेकरालाबी येतं. अन् चांदी व्याली कुठं व्हती? बाभळीखाली. कवा? त्याच सांजेला.

गंगूच्या हातातलं शेंगांचं सूप खाली पडलं. "आगं आई गं! आक्का, ते अस्वल तूच!"

मग जे हसू फुटलं! माणसं ओट्यावरून खाली पडली. सरपंच तोंडाला टोपी लावून बसला. माझी सून, जी माझ्यापुढं कधी दात काढत न्हाई, ती खांबाला धरून हसून राहिली. अन् मी आपली तशीच वाकलेली, कारण आता सरळ व्हायचं कोणत्या तोंडानं?

पण जन्माची खोड जाते का? एक सवाल माझ्या मनात आलाच. मी चॅनलवाल्याला म्हणलं, "पोरा, करडू माझ्या हातात व्हतं तर चांदीबी पुढ्यात असणार. तुझ्या व्हिडिओत शेळी काहून न्हाई?"

तो खाली बघू लागला. "व्हती आजी. रस्त्यावरून जाता जाता काढला व्हता मी. पण शेळी अस्वलाच्या मागं आपल्या पायानं चालून राहिली, हे कुणाला पटलं असतं का? म्हणून शेळी काढून टाकली."

बघा! जे खरं व्हतं तेवढंच पटण्याजोगं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माझा ओटा ओस पडला. शेळ्या रानात गेल्या, चांदीला दूध आलं, ते चांगलं झालं. पण मला कुणी बातमी विचारायला येईना. लोकं मोबाईल बघत माझ्या दारावरून जायची अन् मला बघितलं की खिशात घालायची. खरं सांगते, हसण्याचं काही वाटलं न्हाई. हे मात्र लागलं. एवढ्या वर्षांत कमावलेलं नाव, माझ्याच घोंगडीखाली गुदमरून मेलं.

अन् तेवढ्यात चॅनलवर काय यावं? माझा फोटो! "पिसाळलेल्या अस्वलाला निडर आजीनं पिटाळलं!" ढोल, लाल गोल, सगळं. गोल ह्या वेळी माझ्या तोंडाभवती.

मी सुनेकडून चॅनलवाल्याला फोन लावून घेतला. "अरे, खोटं काहून सांगून राहिला? अस्वल व्हतंच न्हाई, मी व्हते!"

"आजी, आठ दिवस मी अस्वल आहे म्हणून सांगितलं. आता नव्हतंच म्हणलं तर उद्या माझं कोण ऐकंल? गेलं म्हणलं की झालं."

"अन् मशीनवाला?"

"त्यानं जाहिरात वाढवलीय."

मी फोन आपटणारच व्हते. पण सुनेचा व्हता.

मग काय झालं म्हणता? शेजारच्या गावांतून बाया यायला लागल्या. कुणी नारळ घेऊन, कुणी लेकराच्या अंगावरून माझा हात फिरवून घ्यायला. ओटा परत भरला. पहिल्या दोघी-तिघींना मी खरं सांगितलं. त्या म्हणल्या, "किती मोठं मन! करून वर न्हाई म्हणते." मग मी सांगायचं सोडलं.

परवा आमी सेनगावच्या बाजारात गेलो, मी अन् गंगू. माझा एक बोकड विकायचा व्हता. एक गिऱ्हाईक आलं, बोकडाचे दात बघितले, कंबर चाचपली, अन् चाललं. चार पावलं गेलं अन् वळलं. "आजी, तुमीच का त्या? अस्वल पिटाळलेल्या?"

मी घोंगडी सारखी केली.

"भ्याव न्हाई वाटलं का वो?"

आता देवासारखा माणूस एवढ्या मायेनं विचारून राहिला, त्याला काय खोटं सांगू? म्हणलं, "थोडंसं वाटलं बाप्पा. पण पहिली धडक ह्या बोकडानंच मारली."

त्यानं घासाघीस केली न्हाई. मी सांगितला तो भाव दिला, वर बोकडाच्या पाया पडला.

गंगू माझ्या कानाशी आली. हळूच म्हणली, "आक्का, बातमी संपल्यावर काय विकायला येतं ते बघावं, असं कोण सांगत व्हतं गं?"

मी बोकडाचं दावं सोडलं अन् गिऱ्हाइकाच्या हातात दिलं.