उंदीर नसलेले घर

मुंबईत प्लेगाची दुसरी थंडी चालू होती. त्या पौषात आम्ही ठाण्याबाहेर, कोलशेतच्या वाटेवर, एक घर भाड्याने घ्यायचे ठरवले आणि दुसऱ्या दिवशी ते नाकारले.

आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको. तिला सातवा महिना लागला होता. गिरगावातल्या आमच्या चाळीत जिन्याखाली उंदीर मरून पडले, तेव्हा बरीच बिऱ्हाडे त्याच दिवशी निघाली. बायकोचे माहेर साताऱ्याकडे. पण तिकडची गाडी कल्याणला थांबवून उतारूंना खाली घेत, अंग तपासत, आणि कोमट लागलेल्या माणसाला छावणीत नेत. बायकोचे अंग त्या दिवसांत दुपारी तापे. छावणीत गेलेली आमच्या चाळीतली एक बाई परत आली नव्हती. म्हणून कल्याणच्या अलीकडेच उतरायचे ठरले.

घर पाहताना एरवी पाहतात ते मी पाहिले. विहीर जवळ होती. खाडीमुळे पाणी मचूळ असेल असे वाटले होते; चाखले, गोड निघाले. भिंतींना नुकताच चुना दिलेला, जमीन नव्याने चोपून सारवलेली. मालकीण म्हातारी होती, मिठागरवाल्या जुन्या घरातली.

"कसा वाटला घर?"

"स्वच्छ आहे," मी म्हणालो.

"मंग! मुंबैला असा चुना बगला नसशील."

बायको उंबऱ्याच्या आत आली नव्हती. त्या वर्षी चुना सणासाठी देत, तसाच सरकारी माणसे आजाराच्या घरात येऊन गेल्यावरही देत. ती माणसे जमीन खणत, ऊन आत यावे म्हणून कौले काढत. नंतर सारवून घेतले की घर दिवाळीच्या घरासारखेच दिसे. बायकोने वर पाहिले. आढ्याजवळची कौले नवी, लाल होती. बाकीची काळी.

तिने काही विचारण्याआधीच म्हातारी बोलली, "माकरांनी फोरली. त्यांना कोन सांगल?"

माकडे येत, हे खरे होते. वाटेत आम्ही ती पाहिली होती.

बायकोने पदराची गाठ सोडली आणि थोडेथोडे तांदूळ कोपऱ्यांत ठेवायला माझ्याकडे दिले. चाळीतल्या बायका तेव्हा नवे घर घेताना हेच करत. आजार आलेल्या घरात आधी उंदीर मरत. पूर्वी बिळे नसलेले घर शोधत. आता जिवंत उंदरांचे घर हवे होते. सकाळी दाणे गेलेले दिसले तर राहायला जायचे.

"अगो, उंदरांना जेवन घालतं काय?" म्हातारी हसली. "तुजे नवऱ्याला घाल, बग कसा वालला हाय."

रात्र धर्मशाळेत काढली. मुंबईची माणसे म्हणून सकाळी आम्हाला निघायला सांगितले. सामान बैलगाडीत घालून घराकडे आलो तर तांदूळ जसेच्या तसे होते. एका कोपऱ्यात मुंग्या लागल्या होत्या.

"मांजर हाय ना माजी," म्हातारी म्हणाली. "उंदीर ऱ्हाईल कसा?"

मांजर ओट्यावर पंजा चाटत बसले होते.

चुना, कौले, तांदूळ. प्रत्येकाला साधे उत्तर मिळाले होते आणि एकही खोटे ठरवता येत नव्हते. गाडीवान सामान उतरवू का म्हणून दोनदा विचारून गेला. बायकोने माझी बाही धरली होती. मी होकार देणार होतो.

"आजी," ती म्हणाली, "तुम्ही कुठं निजता?"

"मी? गोठ्यान."

"घर रिकामं असून?"

"गुरां हायत."

गोठा समोरच होता. आत एक म्हैस होती. म्हशीच्या पलीकडे म्हातारीची वाकळ, चूल आणि फळीवर देवांचे टाक. देवही तिने घरात ठेवले नव्हते.

म्हातारी खाली बसली.

"सून गेली दिवालीला. गाठ आली व्हती. माजा लेक मिठागराव ऱ्हातं, घरान पाय ठेवीत नाय."

"आणि तुम्ही आम्हाला आत घालत होतात?" मी म्हणालो.

"सांगितला असता तं कोन आला असता, दादा?"

बायको रडू लागली. रडतच तिने विचारले, "गोठ्यात उंदीर आहेत?"

"मायंदाल. रातचे अंगावरशी जातान."

"मग अर्धा गोठा आम्हाला द्या."

"येरी का काय तू? म्हशीजवल बालतीन व्हशील? लोक काय म्हनतीन?"

"म्हणू देत."

मी मधे कूड घातला. पुढचे दोन महिने बायको आढ्याकडे कान लावून निजे. खसफस थांबली की उठून बसे आणि मलाही उठवी. पुन्हा आवाज आला की मगच आम्ही आडवे होत असू.

फाल्गुनात मुलगी झाली. सुईण मिळाली नाही. म्हातारीनेच नाळ कापली. आम्ही तिथे होतो तोवर मायलेकींपैकी कोणाला ताप आला नाही.