आईने कुठे जेवावे

केंब्रिजच्या एका लहान सिनेमागृहात एका दुपारी आई, माझी मुलगी आणि मी असे तिघे एक कोरियन चित्रपट पाहायला गेलो. मुलगी तिथल्या विद्यापीठात संशोधन करत असे; तिकिटे तिनेच काढली होती. "बाबा, भाषा कोरियन आहे, पण भांडण आपलाच आहे. तुम्हाला आवडेल," असे ती म्हणाली. जन्म इकडचा असल्याने तिचे मराठी असे अडखळे. टोमणा मात्र अडखळला नव्हता.

भांडण म्हणजे धाकट्या भावाशी नागपूरच्या कोर्टात चाललेला माझा दावा. वडिलांनी हयातीतच, आईसमोर, तोंडी वाटणी केली होती: नागपूरचे घर मला, आणि भावाला लंडनजवळ क्रॉयडनमध्ये घर घेण्यासाठी रोख रक्कम. वडील गेले आणि भाऊ म्हणू लागला की वाटणी झालीच नाही, कुटुंब एकत्रच आहे. या अप्रामाणिकपणाबद्दल मी त्याला जी पत्रे लिहिली, ती आजही शब्दशः पुन्हा लिहीन. आईची साक्ष दोन्ही बाजूंना हवी होती. ती कुणालाच देत नव्हती.

माझ्या वकिलांनी फोनवर बजावले होते की वेगळे अन्न आणि वेगळी पूजा हा विभक्तपणाचा पुरावा मानला जातो. सबब वडिलांचे श्राद्ध यापुढे भावाबरोबर करू नये. तोवर ते माझ्या घरी होई आणि भाऊ सहकुटुंब येई. मी त्याला लेखी कळवले की येऊ नये. मग त्याने क्रॉयडनला वडिलांचे वेगळे पान वाढायला सुरुवात केली. तसे करणे त्याच्याच बाजूला घातक होते. हे त्याला कळले नसेल, किंवा कळूनही त्याने ते केले असेल.

चित्रपटात फारसे काही घडत नव्हते. बर्फात बुडालेले एक खेडे, वडिलांचे वर्षश्राद्ध, भाताच्या वाडग्यात उभा खोचलेला चमचा, मद्याचा पेला, मुलांचे वाकून नमस्कार. मग दोन भावांत घराच्या विक्रीवरून शब्द वाढतात आणि धाकटा ताटावरून उठून जातो. आई बांधलेले अन्न घेऊन बसथांब्याकडे धावते. बस गेलेली असते. पुढे कितीतरी वेळ पडद्यावर फक्त रस्ता. इंग्रजी अक्षरे पांढरी, बर्फही पांढरा. अर्धे संवाद मला वाचता आले नाहीत आणि त्याबद्दल मी व्यवस्थापकांना नंतर लिहिलेही. आईला ना कोरियन येत होते ना इंग्रजी. तिने एकदाही काही विचारले नाही.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "त्या मोठ्याचं बरोबर असेल."

मी म्हटले, कायद्याने बरोबरच होते.

"असेल ना," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

काही आठवड्यांनी वडिलांची तिथी आली. पत्नीने खीर, वडे, आमसुलाची चटणी असे सगळे रांधले होते. दरवर्षी वाढण्यावर देखरेख आईचीच. त्याही दिवशी मीठ कुठे, लिंबू कुठे, हे तिने बोटाने दाखवले. विधी झाला. आम्ही पानावर बसलो. तिने आपले पान उलटे घातले.

बरे वाटत नाही का, असे पत्नीने विचारले. वाटते आहे, म्हणाली. क्रॉयडनला जायचे आहे का, असे मी विचारले. माझा स्वर चढला होता, हे खरे. तिथेही जेवायचे नाही, असे ती म्हणाली. तिथेही आज वाढलेले असेल, पण नाही. मग असे का, याचे कारण मी मागितले. तिने ते अगदी सावकाश दिले.

"मी कुठं जेवले, ते तुझा वकील लिहून घेईल. नाहीतर त्याचा."

मी तिला सांगू लागलो की असे होत नसते, विधवा आईचे जेवण हा पुरावा धरत नाहीत, दोन्ही पक्षांचे म्हणणे असे असे आहे. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, पुरे." समोरची खीर निवत होती. आई पाणी प्यायली आणि माळ घेऊन आत गेली. मी जेवलो. श्राद्धाचे अन्न कर्त्याने टाकायचे नसते.

त्यानंतर ती दोन वर्षे होती. दोन्ही तिथींना ती उपाशी राहिली, आणि साक्ष न देताच गेली. अंत्यविधीला भाऊ आला. आम्ही एकमेकांशी फक्त लाकडी शवपेटीच्या वजनाबद्दल बोललो.

निकाल माझ्या बाजूने लागला. न्यायाधीशांनी आपल्या निष्कर्षात वेगळ्या श्राद्धाचा स्पष्ट उल्लेख केला होता. निकाल योग्य आहे. त्यातले एकही वाक्य मला खोडावेसे वाटत नाही. वकिलांनी अभिनंदन करून कळवले की अपिलाची मुदत अजून आहे, समोरचा पक्ष वर जाईल, तयारीत राहा. मी तयारीत राहिलो. कागद लावून ठेवले, उत्तराचा मसुदाही केला. मुदत भरत आली तसा मी सकाळी टपाल पडण्याआधीच दाराशी जाऊन उभा राहू लागलो. त्याने अपील करावे, असे मला वाटत होते. त्याने केले नाही.