रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा

धारवाडच्या शेजारच्या शहरात, लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या शाळेत माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. त्या वर्षी उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ यायला लागली. धारवाडच्या घरून बसनं शाळेत येईपर्यंत पाय बधिर व्हायचा, जिना चढताना डोळ्यांत पाणी यायचं. मी तळमजल्यावरचा वर्ग मागितला. मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, आधी एमआरआय करा.

एमआरआयमध्ये मणका अगदी साफ निघाला. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी घाबरले. दुखतंय तर मग कुठून? हे मी फक्त अक्कांना सांगितलं. अक्का माझ्याच शाळेत शिकवायच्या, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. शाळेत लागल्यापासून आम्ही एकाच डब्यात जेवत होतो. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "कुणाला सांगू नकोस," असंही त्याच म्हणाल्या.

सोमवारी मॅडमनी बोलावलं. "रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणे तुमचा. सुम्ने नाटक याके?" उगाच नाटक कशाला, असं त्या कानडीत सरळ तोंडावर म्हणाल्या. खालचा वर्ग अक्कांना मिळाला.

मी अक्कांना स्टाफरूममध्येच गाठलं. "तुम्ही मॅडमना सांगितलंत?"

"अगं, काळजीपोटी बोलले की मी. आणि माझे गुडघे काय कमी दुखतात?"



शेवटी रायापूरच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी मला पालथं झोपवून कुल्ल्यात अंगठा रुतवला आणि मी ओरडलेच. "इथं आहे दुखणं," त्या म्हणाल्या. "खुब्याचा खोलातला स्नायू आखडलाय. पायाची नस त्याच्याखालून जाते, ती दाबली जातेय. मणक्याच्या फोटोत हे कसं दिसणार?"

कुणीतरी माझं खरं मानलं, म्हणून मी तिथंच रडले.

दुखणं चिवट होतं. रोज सकाळी उताणं झोपून उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवायचा आणि डावी मांडी छातीकडे ओढायची. आठ दिवस बरं वाटायचं, मग एखाद्या लांब मीटिंगनंतर पुन्हा सगळं तसंच. पाचेक महिन्यांनी जिना विनातक्रार चढायला लागले. बाईंची चिठ्ठी मी मॅडमना दिली होती. त्यांनी ती वाचून फाइलला लावली, एवढंच.

अक्का निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचं भाषण मलाच करायला सांगितलं. फळ्यावर कसं लिहायचं, वर्ग कसा शांत करायचा, हे त्यांनीच मला शिकवलं, असं मी म्हणाले. ते खरंच होतं. अक्का रडल्या. मी व्यासपीठावरून खाली उतरले, हार त्यांच्या हातात दिला आणि जेवायला थांबले नाही.